पहिला मासा सोडायचा असतो

गांडुळं काढायचं काम वन्संनी त्या दिवशीही कुणाला करू दिलं नाही. गुडघे कुरकुरत होते, कंबर ऐकत नव्हती, तरी खुरपं घेऊन त्या परसाच्या ओल्या कोपऱ्यात बसल्या त्या बसल्याच. "घरात सून येते तेव्हा गांडूळ माझ्या हातचं," असं त्यांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं. जणू त्या मानासाठी दारात रांग लागली होती.

धाकटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या घराची धाकटी. थोरल्या जाऊबाई जाऊन बरीच वर्षं झाली, घरात दुसरी सून उरली नाही, स्वतःचे केस कानाशी पांढरे झाले, पण धाकटी ती धाकटीच राहिली. कुणी पोरंसोरं हसली की वन्सं म्हणायच्या, "तिच्यामागून कोण आलंय का? मग?"

आता तिच्यामागून कोणी येत होतं. तिचा मुलगा आपल्या होणाऱ्या बायकोला घेऊन निघाल्याचा फोन आला होता.

"आई, बाबांना उठवू का?" लेकीने विचारलं. ती ताटं पुसत होती. ताटं पुसतानाही तिची पाठ ताठ होती. मत्स्य खात्यात निरीक्षक म्हणून रुजू झाल्यापासून ती अशीच उभी राहते, असं धाकटीला वाटायचं. किंवा आधीपासूनच उभी राहत असेल, आईला आत्ता दिसायला लागलं असेल.

"नको. रात्रभर भट्टीपाशी उभा होता माणूस. मासा लागला की उठव."

धाकटीचा नवरा बेकरीत पाव भाजायचा. सासऱ्यांची वीटभट्टी होती. बापाने विटा भाजल्या, पोराने पाव, फरक एवढाच की बापाचा माल अजून टिकून आहे, ही भावजींची ठरलेली थट्टा. भावजी म्हणजे तिचे मोठे दीर. धंद्याने प्लंबर, स्वभावाने वकील.

माल टिकून होता हे मात्र खरं. या स्वयंपाकघराच्या एका भिंतीला गिलावा नव्हता, तो मुद्दामच केला नव्हता. प्रत्येक विटेवर सासऱ्यांच्या अंगठ्याचा खळगा होता. कच्ची वीट साच्यातून काढली की ते तिच्यावर अंगठा दाबायचे. सही येत नव्हती ना, मग हीच सही. घरातल्या प्रत्येक पोराने त्या खळग्यात आपला अंगठा घालून बघितला होता, आणि आपला कधी एवढा होईल म्हणून वाट बघितली होती.

त्याच भिंतीला लागून लांब टेबल होतं आणि भिंतीच्या बाजूला बाक. आतला बाक. त्यावर कोणी बसायचं याचा या घरात एकच नियम होता, आणि तो मोडायची छाती भावजींचीही नव्हती. ज्याने परसातल्या तळ्यातून आपला पहिला मासा धरला आणि परत पाण्यात सोडला, तो आतल्या बाकावर. बाकीचे अलीकडे, स्टुलावर. मग तो जावई असो की साहेब. धाकटी स्वतः लग्नानंतर पहिला महिनाभर स्टुलावर जेवली होती. मासा लागेना. एकदा तर गळ तिच्या स्वतःच्याच पदरात अडकला होता. शेवटी वन्संनी मागून येऊन तिचं मनगट धरलं आणि कानात म्हणाल्या, "ओढू नकोस गं. तो येतोय. त्याला येऊ दे." त्या दिवशी लागलेला मासा बोटाएवढा होता. सोडला तेव्हा धाकटी रडली होती. का, ते तिला अजून नीट सांगता येत नाही.

फटफटी दारात थांबली.

मुलगी चुणचुणीत होती. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायची. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत असं बघायची की आपला नंबर वाढलाय की काय, अशी शंका यावी. आल्या आल्या वाकून तिने चपला सरळ लावल्या, आपल्याही आणि त्याच्याही. वन्संनी ते परसातून बघितलं आणि धाकटीला नजरेनेच सांगितलं: चालेल.

"ये, ये. आधी पाणी पी, मग पाणी दाखवते," म्हणत वन्संनी तिला थेट तळ्यावर नेलं. मागोमाग सगळी वरात. लिफ्ट दुरुस्त करणारा धाकटीचा मुलगा, ज्याच्या तोंडावर आज वर जाऊन अडकलेल्या लिफ्टसारखे भाव होते. हातात काठी आणि दोरा घेतलेले भावजी. लेक. शेवटी पदराला हात पुसत धाकटी.

तळं काही फार मोठं नव्हतं. या काठावरून त्या काठावर माणूस हाक न मारता बोलू शकेल एवढंच. एका बाजूला कपडे धुवायचा दगड, दुसऱ्या बाजूला झुकलेलं झाड, आणि कोपऱ्यात, जिथे पाइपाचं तोंड होतं, तिथे हिरवं गवत पाण्याच्या धारेत सारखं हलायचं.

"हे घर या तळ्यातून निघालंय," वन्सं म्हणाल्या.

नवी मुलगी हसली. तिला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

"हसू नकोस. खरंच निघालंय. इथली माती खणून बाबांनी विटा पाडल्या. घर वर गेलं, खड्डा खाली गेला. लोक म्हणाले, आता हा खड्डा बुजवणार कशाने? बाबा म्हणाले, पाण्याने!"

"पावसाच्या?"

"पावसाच्या पाण्याने डबकं भरतं, बाळ. तळं नाही." वन्संचा आवाज चढला. ही गोष्ट सांगताना तो चढायचाच. "मागे ओढा आहे ना, तिथपासून त्यांनी चर खणला. एकट्याने. भट्टीवरून आले की कुदळ. माझी आई कंदील धरायची, मी माती ओढायचे. ज्या दिवशी पाणी आत आलं ना, त्या दिवशी पाण्याबरोबर एक मासा आला. कुणी न बोलावता. बाबांनी तो हातात घेतला, सगळ्यांना दाखवला आणि सोडून दिला. म्हणाले, पहिला पाहुणा. पाहुण्याला खायला घालतात, पाहुण्याला खात नाहीत."

"म्हणून पहिला मासा सोडायचा?"

"म्हणून. दुसऱ्यापासून तव्यावर."

"लोक ओढ्यावर जातात," भावजींनी संधी साधली, "आमच्याकडे ओढा येतो. आणि चर गाळाने भरायचा म्हणून त्यात पाइप टाकला तो या पठ्ठ्याने. वॉल बसवलाय वॉल. हवं तेव्हा चालू, हवं तेव्हा बंद. असा वॉल तुला कुठे मिळणार नाही."

"तो गळतो," लेक म्हणाली.

"थोडासा गळायलाच हवा. वॉल आहे, तिजोरी नाही."

सगळे हसले. वन्संनी स्वतःच्या हाताने गळाला गांडूळ लावलं, दोऱ्यावरचं तरंगतं बूच वरखाली सरकवून बघितलं, आणि काठी नव्या मुलीच्या हातात दिली. मग तिच्या मागे जाऊन तिचं मनगट धरलं. अगदी तसंच. 

आणि तेव्हाच, घाबरलेलं माणूस गप्प बसायच्या ऐवजी जास्त बोलतं तसं, ती मुलगी बोलली.

"ताई, तुम्ही मत्स्य खात्यात ना? याला लायसन लागत नाही का हो? नाही म्हणजे, परवा दुकानात एक आजोबा आले होते. रिटायर पोस्टमन. ओढ्यावर गळ टाकून बसले होते, तर म्हणे कोणी नवी बाई आलीय, तिने लायसन नाही म्हणून गळकाठी काढून घेतली. आजोबा इतके चिडले होते! म्हणाले, हिच्या स्वतःच्या..." तिचा आवाज बारीक होत गेला. कारण कोणीच हसत नव्हतं.

"ती नवी बाई मीच," लेक म्हणाली.

तळ्यात कुठेतरी एक बुडबुडा फुटला. मुलाने डोळे मिटून घेतले.

"तू पोस्टमनकाकांची काठी घेतलीस?" धाकटीने विचारलं. हे तिला माहीत नव्हतं. माणूस घरचा नव्हता, पण परकाही नव्हता. याच लेकीच्या नोकरीचं पत्र त्यांनी पेटीत न टाकता हातात आणून दिलं होतं. निवृत्त व्हायच्या आधीचा शेवटचा आठवडा होता त्यांचा.

"घेतली. परवाना दाखवला की परत देणार. नियम आहे, आई." लेकीचा आवाज सरळ होता, पण ताट पुसायचं फडकं ती हातात घेऊनच आली होती आणि ते पिळत होती. "ते काही वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, 'आणि तुमच्या परसात, बाईसाहेब?'"

"मग? काय सांगितलंस?"

"काही नाही. मला उत्तर आलं नाही. मी लहानपणापासून इथे मासे धरते. खात्याची परीक्षा देताना सगळे नियम पाठ केले, पण या तळ्याचा नियम कोणता, हे कधी माझ्या डोक्यातच आलं नाही."

"कारण नियमच नाही!" भावजी गरजले. "घरचं परस, घरचं तळं, घरचे मासे. उद्या म्हणाल मोरीत अंघोळ करायला पास काढा. चल गं पोरी, टाक गळ. साहेब आज रजेवर आहेत."

"काका, मी रजेवर आहे. नियम रजेवर नाही."

"बघा! बघा! याच्यासाठी शिकवली!" पण हे म्हणतानाही त्यांच्या मिशीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि धाकटीने ओळखलं: रागात अभिमान मिसळलाय. दुधात पाणी मिसळावं तसा, दाखवायचा नाही पण आहे.

वन्संनी अजून नव्या मुलीचं मनगट सोडलं नव्हतं. "नियम काय आहे, तो सांग आधी. मग भांडा."

लेकीने फडकं खांद्यावर टाकलं. "साधा आहे, आत्या. तळं चारी बाजूंनी बंद असेल, बाहेरच्या पाण्याशी संबंध नसेल, तर मासे मालकाचे. परवाना नको, कोणी विचारणार नाही. पण वाहतं पाणी आत येत असेल, तर ओढ्यातला मासा आत आला म्हणून तो तुमचा होत नाही. ओढा सगळ्यांचा, मासाही सगळ्यांचा. मग गळ टाकायला परवाना हवा. अर्ज केला तर मिळतो. अवघड काही नाही. फक्त आज नाही मिळणार."

"आज नाही," मुलाने म्हटलं. "ताई, आज ती आलीय. आजचा दिवस डोळे झाक ना. एक मासा, तोही सोडायचा. कुणाचं काय जातं?"

"पोस्टमनकाकांनीही सोडलाच असता कदाचित. मी विचारलं नाही त्यांना."

 मुलाने आईकडे बघितलं. लहानपणी बहिणीशी भांडण झालं की बघायचा तसं. धाकटीने दोघांकडे बघितलं. एकाचा आजचा दिवस आणि एकीचे पुढचे सगळे दिवस. कुणाची बाजू घ्यायची, हे आईला कधी विचारू नये.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की भावजी तिथे नाहीत.

मागच्या दाराआड खिळ्याला त्यांचा मोठा पाना टांगलेला असायचा. धाकटीने वळून बघितलं तेव्हा भावजी तो हळूच काढून घेत होते. नजरानजर झाली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि झाडामागून, पाइपाच्या दिशेने, लपंडाव खेळणाऱ्या पोरासारखे वाकून गेले. एवढा मोठा माणूस, एवढं मोठं पोट, आणि चाल मांजराची. धाकटीला हसू आलं. मग हसू गेलं.

ती गप्प बसली. खरं सांगायचं तर तिला गप्प बसावंसं वाटलं. वन्संचा हात त्या मुलीच्या मनगटावर होता. पुढच्या वेळी तो हात इथे असेल की नसेल, कोण जाणे.

भावजी परत आले ते दुसऱ्या बाजूने, हात पँटला पुसत. "हं, काय म्हणत होतात साहेब? वाहतं पाणी? कुठे आहे वाहतं पाणी? दाखवा मला! पावसाचं साचलेलं आहे हे. चारी बाजूंनी बंद!"

 लेक कोपऱ्यात गेली आणि गुडघ्यांवर बसली. लहानपणी ती तिथेच पालथी पडून तासन् तास बघायची. पाइपाच्या तोंडाशी बारकी पिल्लं नेहमी गोळा झालेली असायची, ताज्या पाण्याकडे तोंड करून, शाळेच्या रांगेसारखी. आता गवत हलत नव्हतं. पिल्लांची रांग मोडत होती. एक एक पिल्लू इकडे तिकडे वळत होतं, गुरुजी वर्गातून निघून गेल्यासारखं.

तिने मान वर केली. काकांकडे नाही बघितलं. आईकडे बघितलं.

"भावजी," धाकटी म्हणाली, "पाना जागेवर टांगा आधी. पँटमागून दिसतोय."

भावजींनी मागे हात नेला. पाना खिशातून अर्धा बाहेर लोंबत होता.

"धाकटे, तू पण?"

"मी पण."

 मग नवी मुलगी हसली. आवरलेलं हसू फुटावं तसं. मुलगा हसला. शेवटी भावजीच हसले आणि पाना काठीसारखा हातात धरून उभे राहिले. पण हरतील ते भावजी कसले!

"बरं, केला बंद. कबूल. पण आता बंद आहे की नाही? कायद्याने बोल. आता वाहतं पाणी आत येतंय?"

"गळतंय थोडंसं," लेक म्हणाली. "तुमचाच वॉल आहे."

"ते सोड!"

"नाही, काका, तुमचं बरोबर आहे." ती उठून उभी राहिली, गुडघ्यांची माती न झटकता. "बंद असेल तर बंद. पण नियम असा नाही की सकाळी बंद, दुपारी चालू. कायमचं बंद करायचं. पाइप काढून टाकायचा, तोंड सिमेंटने भरायचं. तसं करणार असाल तर मी आत्ता सांगते, तळं तुमचं, मासे तुमचे. ती आत्ता गळ टाकू शकते, आणि कोणीही आलं तरी मी याच शब्दांत सांगेन. घरात सिमेंट आहे. मोरीच्या कामातलं उरलंय."

भावजींनी पाइपाकडे बघितलं. मग पान्याकडे. "काढून टाकायचा म्हणजे... सगळा? तो अख्खा उन्हाळा लागला होता मला. सांधा न् सांधा मी..." ते थांबले. "नाही म्हणजे, काढता येईल. येईल की. पण..."

"मग परवाना."

"पण आज तर..."

"आज नाही."

सगळ्यांनी वन्संकडे बघितलं. घराचा शेवटचा शब्द वन्संचा, हे कुणी ठरवलं नव्हतं. घर पडू नये म्हणून मधोमध एक खांब असतो, त्याला कोणी निवडून देत नाही.

वन्सं तळ्याकडे बघत होत्या. धाकटीला वाटलं, आता या म्हणतील, भर सिमेंट. या मुलीला आज आतल्या बाकावर बसवायचं म्हणून त्यांनी सकाळी गांडुळं काढली होती. डॉक्टरांनी डोळ्यांबद्दल काय सांगितलंय ते फक्त त्यांना आणि धाकटीला माहीत होतं. बूच पाण्यात बुडलेलं त्यांना किती दिवस दिसणार होतं, याचा हिशेब त्या दोघी कधी मोठ्याने करत नसत.

वन्संनी मुलीचं मनगट सोडलं.

"माझा बाप अंगठाछाप होता," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण झाडावरचे पक्षीसुद्धा ऐकत असावेत असं वाटलं. "त्याला वाचता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं. त्याने आयुष्यात दोनच गोष्टी केल्या. घर बांधलं आणि ओढा घरी आणला. मी लोकांना काय सांगू? आमच्याकडे ओढा यायचा, पण एक मासा धरायची घाई झाली म्हणून आम्हीच त्याच्या तोंडात सिमेंट भरलं?"

"तसं नाही, ताई..." भावजी पुटपुटले.

"तसंच आहे. तू जा आणि वॉल उघड. पूर्ण उघड. गळू दे नाही तर वाहू दे." मग त्या भाचीकडे वळल्या. "परवाना माझ्या नावावर काढायचा. आणि अर्ज मी स्वतः देणार, रांगेत उभी राहून. तुझी ओळख सांगणार नाही. तूही सांगायची नाहीस."

"आत्या, तुझा अर्ज माझ्याकडे येऊच नये असं मी वरच्या साहेबांना सांगेन. घरच्यांचा अर्ज मी नाही बघायचा."

"वा!" वन्सं म्हणाल्या. "वा गं माझी वाघीण. आणि त्या पोस्टमनलाही सांग, रांगेत माझ्या पुढे त्याची जागा धरून ठेवीन. त्याने आयुष्यभर आपल्या दारी पत्रं आणली, आपण त्याच्या दारी एक परवाना नेला तर काय बिघडलं?"

लेक हसली. मग एकदम तिचं तोंड फिरलं, आणि ती फडक्याने चेहरा पुसायला लागली, ताट पुसायच्या फडक्याने. धाकटीने बघून न बघितल्यासारखं केलं. वर्दीतल्या माणसाला एवढं तरी द्यावं.

पाइपातून आधी हवा सुटली, मग खाकरल्यासारखा आवाज, मग पाणी. गवत हललं.

नव्या मुलीच्या हातात काठी तशीच होती. गांडूळ गळावर वळवळत होतं. ती कुणाकडे बघत नव्हती. "माझ्यामुळे झालं," ती हळूच म्हणाली. "मी कशाला बोलले? मी घाबरले की बोलते. आईही म्हणते, तुझी जीभ तुझ्या आधी घरात शिरते."

धाकटीने तिच्या हातातून काठी घेतली. गळावरचं गांडूळ सोडवलं आणि ओल्या मातीत ठेवलं. ते लगेच आत शिरलं, जिवावर बेतल्यासारखं. "चल," ती म्हणाली. "जेवायची वेळ झालीय."

ताटं मांडली. आतल्या बाकावर भावजी, मग मुलगा, मग वन्सं, मग लेक. धाकटी वाढत होती, तिची जागा कडेला, उठायला सोपी. नवी मुलगी कुणी न सांगता स्टुलावर बसली, गुडघे जुळवून, पाठ भिंतीपासून लांब. भिंतीवरचे अंगठे तिच्यासमोर होते. ती ते एक एक बघत होती, डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं बघावीत तसे.

तेव्हा धाकटीचा नवरा उठून आला. केस उभे, डोळ्यांत अजून भट्टीची राख. आल्या आल्या त्याने एकच विचारलं, "मासा लागला का?"

 मुलाने मान खाली घातली. भावजींनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ प्यायले.

"लागला," वन्सं म्हणाल्या. "आणि सोडलाही."

सगळ्यांनी वर बघितलं.

"असं काय बघता? नियम काय आहे? पहिला मासा धरायचा आणि सोडायचा. सोडणं महत्त्वाचं. धरतात काय, मांजरही धरतं. या मुलीने पहिला मासा पाण्यात असतानाच सोडला. एक प्रश्न विचारला आणि तळ्यातले सगळेच्या सगळे सोडले. मी सोडला तो एक होता. तू सोडलास," त्या धाकटीला म्हणाल्या, "तो बोटाएवढा होता. हिच्यासारखा मोठा कुणी सोडलाय का, सांगा मला."

"पण ताई, गळ पाण्यात पडला तरी पाहिजे ना," भावजी म्हणाले, कारण त्यांच्याने राहवेना.

"तू पाना घेऊन वाकत वाकत गेलास ना, तेव्हा तुझा गळ पाण्यात पडला. लागला मात्र तूच."

धाकटीचा नवरा हे सगळं न कळता हसला, कारण भाऊ सापडला की तो नेहमीच हसायचा. लेक हसली. मुलाने टेबलाखाली कुणाचा तरी पाय दाबला असावा, कारण नवी मुलगी एकदम लाल झाली.

"सरका," वन्सं म्हणाल्या. "आत सरका सगळे. जागा करा."

बाक कुरकुरला. प्रत्येकाने थोडं थोडं अंग चोरलं, तरी जागा होईना. शेवटी लेक उठली, "तू बस, मी इथे बसते," म्हणून स्टुलाकडे निघाली. वन्संनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "तू बस म्हटलं ना. आजच्या दिवशी तू तर उठायचीच नाहीस."

ती मुलगी आत सरकली आणि भिंतीला टेकली. डोक्यामागच्या एका विटेवर, कुणाचं लक्ष नाही असं बघून, तिने हळूच अंगठा ठेवून बघितला. धाकटीने ते बघितलं. लहानच होता. होईल मोठा.

जेवण सुरू झालं. मागच्या दारातून पाण्याचा आवाज येत होता, एकसारखा, कुणी हलक्या आवाजात बोलत बसल्यासारखा. भावजी नवऱ्याला वॉलची गोष्ट सांगत होते, आणि त्यात आता पाना अजिबात नव्हता. लेक जेवत होती. पाठ अजूनही ताठ, पण एक खांदा वन्संच्या खांद्याला टेकलेला.

"धाकटे," वन्सं घास घेता घेता म्हणाल्या, "मीठ आण गं जरा."

धाकटी सवयीने उठली. अर्धी उठली तोवर बाकावरून दुसरंच कोणी उठलं होतं. ती मुलगी. "आणते," म्हणत ती फळीकडे गेलीसुद्धा, जणू तिला या घरात हीच हाक मारतात हे ती रस्ताभर पाठ करत आली होती.

धाकटी तशीच उभी राहिली. हात पदराला पुसत, काय करावं न कळून. वन्संनी तिच्याकडे बघितलं, आणि बाकावर आत्ताच रिकाम्या झालेल्या जागेवर, लेकीच्या शेजारी, हाताने थोपटलं.

ती बसली. पुढ्यात ओढलेलं आपलं ताट अजून गरम होतं. कोण जाणे किती वर्षांनी.